राळ

दाराच्या मुठीपासून सुरुवात करते मी.
मग कठडा, कॉफीच्या यंत्राचं बटण,
आणि शेवटी जमीन,
दोन्ही गोलांसमोरचे अर्धगोल सोडून.
तिथे गोलकीपर एकटा, त्याचे हात कोरडे.

चेंडू एका हातात धरून फेकायचा
तर बोटांना राळ हवी.
पोरं ती बुटांवर थापून ठेवतात,
धावता धावता दोन बोटं टेकवतात.
आमच्या फॅरो बेटांवर रान नाही,
वारा झाडाला उभं राहू देत नाही.
राळ येते बोटीतून, डब्याडब्यांनी,
आणि चोवीस वर्षं मी
न पाहिलेल्या जंगलांचा चीक खरवडते आहे.

पहिल्यांदा पोरं बाहेर खेळायला गेली
तेव्हा तिथे राष्ट्रगीत दुसऱ्याच कुणाचं वाजलं.
उभी राहिली तरी,
पाहुण्यांनी राहावं तशी, अदबीनं.
मग एकवीस गोलांनी हरली.
पुढे चौदांनी. एका हिवाळ्यात नऊ,
पुन्हा सोळा, त्याबद्दल कुणी बोलत नाही.

माझा हिशेब वेगळा.
तेव्हा खरवड निघायची वाटीभर.
मग तांब्याभर, मग अर्धी बादली,
आणि मी ओरडायचे, पाय पुसून या रे!
ऐकतंय कोण.

एक वर्ष नगरपालिकेनं राळेवर बंदी घातली,
जमीन खराब होते म्हणून.
(पत्र मीच लिहिलं होतं. सांगून टाकते.)
प्रशिक्षक त्रोंदुर सभेत गेला, काखेत चेंडू.
म्हणाला, एका हातानं झेला,
आणि अध्यक्षांकडे फेकला.
पाण्याचे तीन पेले फुटले.
बंदी उठली, चार विरुद्ध तीन मतांनी.
काचा वेचायला मलाच बोलावलं.

हेर्गेइर डावखुरा. बेइन्ताचा धाकटा.
सॅमनच्या कारखान्यात ती माझ्या शेजारी उभी असायची,
मासा उलटा करत म्हणायची,
रात्री झोपेतही याचा खांदा हलतो गं.
आठ वर्षांचा असताना त्याचा पंजा
दाराच्या काचेवर उमटला होता, पाचही बोटं.
आता लोक विचारतात, जपून का नाही ठेवला?
चरबी लावली, पुसला.
मला काय ठाऊक तो कुणाचा होणार आहे.

या जानेवारीत मोठ्या स्पर्धेला
गावच्या गाव बोटीत चढलं.
शाळा बंद, बेकरी बंद,
पाद्रीबाबासुद्धा गळ्यात लोकरी मफलर घालून.
माझ्याकडे अकरा घरांच्या किल्ल्या,
सात मांजरं, बेइन्ताच्या कोंबड्या,
आणि उताराच्या गोठ्यातल्या मेंढ्या.

सामना मी हॉलमध्येच ऐकला.
अर्धे दिवे लावून, बादली पालथी घालून, तिच्यावर बसून.
शेवटचं मिनिट. एकानं मागे.
रेडिओवरचा माणूस बोलायचा थांबला,
मला वाटलं, बॅटरी गेली.
रेडिओला एक थापड मारली
आणि त्याच क्षणी तो किंचाळला:
बरोबरी! बरोबरी!
जिंकल्यासारखा रडत होता बापडा.

उणे एकवीसपासून शून्यापर्यंत
एकोणीस वर्षं.

मी उठले. टाळ्या वाजवायला कुणी नव्हतं,
एकटीनं वाजवणं बरं दिसेना.
सामानाच्या खोलीतला डबा उघडला,
पहिल्यांदाच, घासायला नाही,
आणि चार बोटं आत घातली.
चेंडू उचलला एका हातानं,
तळवा जमिनीकडे केला.
पडला नाही.
मी मोजत राहिले. चाळीसपर्यंत तरी पडला नाही.

मग पंचाईत.
किल्ल्या बोटांना चिकटल्या,
एक सोडवावी तर दुसरी धरून ठेवायची.
गोठ्याचं कुलूप उघडेपर्यंत अंधारून आलं
आणि आत मेंढ्या
माझ्या नावानं नुसत्या बोंबलत होत्या.